विद्यापीठातल्या संशोधनावर कंपनी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जांचा क्रम

दापोलीचं कृषी विद्यापीठ, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, अशा ठिकाणी झालेलं संशोधन घेऊन संशोधकांनीच काढलेल्या कंपनीला स्पिन-ऑफ म्हणतात. पुष्कळ जण आधी कंपनी नोंदवतात आणि मग अडकतात, कारण ज्या तंत्रावर धंदा करायचा त्याचा हक्क विद्यापीठाकडे राहिलेला असतो. सुरुवात शोधाच्या नोंदीपासून करा.

बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसाचा तुरटपणा काढायची नवी पद्धत सापडली, असं धरू. विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षात शोधाची माहिती लेखी द्या. सोबत प्रयोगवहीच्या प्रती, निधी कुठून आला त्याची पत्रं आणि सर्व संशोधकांच्या सह्या लागतात. विद्यार्थ्याचं नाव गाळू नका, नंतरचे वाद बहुधा तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठं नुकसान वेळेआधी बोलल्याने होतं. प्रबंध ऑनलाइन चढला, संयुक्त ॲग्रेस्कोत (कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत) शिफारस होऊन ती छापली गेली, मेळाव्यात पद्धत समजावून सांगितली, की पेटंटसाठी लागणारं नावीन्य जाऊ शकतं. पेटंट कायद्याच्या कलम 31 मधली 12 महिन्यांची सवलत मोजक्याच प्रसंगांना मिळते, तिच्या भरवशावर राहू नका. आधी तात्पुरता अर्ज करा. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये आहे. पूर्ण तपशील 12 महिन्यांत आणि परीक्षणाची विनंती 31 महिन्यांत गेली नाही, तर अर्ज सोडून दिल्यासारखा किंवा मागे घेतल्यासारखा धरतात.

झाडाच्या वाणाला पेटंट मिळत नाही. त्याची नोंद 2001 च्या वाण संरक्षण कायद्याखाली होते. आगळासारखी (कोकमाच्या खारवलेल्या रसासारखी) परंपरागत कृतीही पेटंट कायद्याच्या कलम 3 मुळे बाद होते. कोकम, करवंद, समुद्री शेवाळ अशा जैविक संसाधनावरचा शोध असेल, तर पेटंट मिळण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

पात्रतेला आधार 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाचा. त्यानुसार अध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी कंपनी काढू शकतात आणि सुविधांच्या बदल्यात संस्था 2 ते 9.5 टक्के हिस्सा घेऊ शकते. पण प्रत्येक विद्यापीठ हे आपापल्या ठरावाने लागू करतं, म्हणून ठरावाची प्रत मागून घ्या. नोकरीत असलेल्यांनी नियुक्ती प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी संचालक होण्याआधी घ्यावी. प्रयोगशाळेतला कर्मचारी कंपनीच्या कामाला लावणं या धोरणात बसत नाही.

तंत्र वापरायच्या परवान्याला विद्यापीठाची तत्त्वतः मंजुरी मिळाली की कंपनी. खासगी मर्यादित कंपनीला किमान 2 संचालक आणि 2 भागधारक लागतात, त्याच दोन व्यक्ती चालतात. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, डिजिटल सही घेऊन स्पाइस प्लस हा कंपनी नोंदणीचा ऑनलाइन अर्ज भरा. मंजूर नाव 20 दिवसच राखून ठेवतात.

कोकणात अर्ज अडतो तो कार्यालयाच्या पत्त्यावर. वीजबिल 2 महिन्यांच्या आतलं हवं आणि मालकाचं ना-हरकत पत्र हवं. घर सामाईक, बिल अजून आजोबांच्या नावावर, निम्मे हिस्सेदार मुंबईत, मग सही कुणाची घेणार? आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, नाहीतर इनक्युबेशन केंद्राचा (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राचा) पत्ता त्यांच्या पत्रासह द्या. नोंदणीनंतर भागभांडवल बँकेत भरून 180 दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र द्या. चुकलं तर कंपनीला 50,000 रुपये दंड आहे.

मग कंपनीच्या नावे परवाना करार करा, तोंडी शब्द चालत नाही. हक्क एकट्यालाच की इतरांनाही, मुदत, स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि पुढे पद्धतीत सुधारणा झाली तर ती कुणाची, हे त्यात स्पष्ट लिहा. किमान स्वामित्वधनाची तारीख हंगाम बघून ठरवा. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. जूनमध्ये सही केली तर पुढले आठ महिने बोंडू मिळणार नाही, आणि हप्ता मात्र चालू राहील.