आहार व कर्करोगप्रतिबंध

खाण्यापिण्यातील पदार्थ व त्यांतील पोषक घटक यांचा कर्करोग होण्याच्या शक्यतेशी असलेला संबंध, तसेच त्यावरून सुचवले जाणारे आहारविषयक व पर्यायी उपाय. रोग झाल्यानंतरच्या उपचारांचा विचार येथे प्रसंगोपात्तच केला आहे.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या निदानस्थान या भागातील ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड या गाठींच्या विकारांची लक्षणे आली आहेत. अर्बुद हे गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, दीर्घकाळ वाढणारे आणि न पिकणारे असते, असे तेथे म्हटले आहे. त्यातील मांसार्बुद मांसभक्षणात रमलेल्या माणसाला होते, या विधानामुळे काही अभ्यासक आहार व कर्करोग यांच्या संबंधाचा हा सर्वांत जुना भारतीय उल्लेख मानतात. मात्र ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंतचे काळ सुचवले गेले असून, आज उपलब्ध असलेली संहिता नंतरच्या संस्करणाची असावी. शिवाय अर्बुद म्हणजे कर्करोगच, हे समीकरण सर्वमान्य नाही. मंद वेदना व संथ वाढ ही लक्षणे निरुपद्रवी गाठींनाही लागू पडतात. उलट, एका अर्बुदावर वा त्याच्या शेजारी दुसरे उद्भवते, ते अध्यर्बुद, हे वर्णन मारक गाठींची आठवण करून देते. सर्व प्रकारच्या गाठींसाठी तो एकच शब्द असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आजच्या मराठी वैद्यकीय परिभाषेतही ‘अर्बुद’ हा शब्द याच व्यापक अर्थाने रूढ आहे.

आधुनिक अभ्यास : रिचर्ड डॉल व रिचर्ड पेटो या ब्रिटिश संशोधकांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील कर्करोगमृत्यूंची कारणवार विभागणी केली. त्यात आहाराचा वाटा सुमारे ३५ टक्के धरला होता. हा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. पण खुद्द लेखकांनी त्याची मर्यादा १० ते ७० टक्के इतकी सैल ठेवली होती, हे बहुतेक ठिकाणी गाळले जाते.

बीटा-कॅरोटीन : गाजर, आंबा, लाल भोपळा, पालेभाज्या यांतील हे नारिंगी रंगद्रव्य. त्याच्या रेणूत ४० कार्बन अणू असतात. तो मधोमध तुटला की ‘अ’ जीवनसत्त्वाची दोन एकके मिळतात. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असे अनेक पाहण्यांत आढळले होते. त्यावरून पेटो, डॉल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच ‘नेचर’ नियतकालिकात हा प्रश्न चाचणीयोग्य असल्याचे मांडले. संबंध दिसतो म्हणून कारण सिद्ध होत नाही, हेही त्यांनी बजावले होते.

अशा एका चाचणीत नैर्ऋत्य फिनलंडमधील ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांना रोज २० मिग्रॅ. बीटा-कॅरोटीन, ‘ई’ जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. १९९४ मध्ये निष्कर्ष आले ते अपेक्षेच्या नेमके उलट : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. योगायोग म्हणून हे बाजूला सारणे शक्य होते. परंतु अमेरिकेत धूम्रपानी व ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या १८,३१४ जणांवर चाललेल्या दुसऱ्या चाचणीत, बीटा-कॅरोटीन व ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र दिले असता, ही वाढ २८ टक्के निघाली आणि जानेवारी १९९६ मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधी, गोळ्या बंद कराव्या लागल्या. २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांच्या सुमारे १२ वर्षांच्या चाचणीत फायदाही दिसला नाही, तोटाही नाही. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडे होते.

असे का घडले, यावर मतभेद आहेत. मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीनचे धुराने भरलेल्या फुप्फुसात ऑक्सिडीकरण होते आणि त्या तुकड्यांमुळे पेशींच्या वाढीवरचे नियंत्रण सुटते, हे स्पष्टीकरण फेरेट या प्राण्यावरील प्रयोगांशी जुळते. उंदरांऐवजी फेरेट निवडण्याचे कारण असे, की माणसाप्रमाणेच तो हे द्रव्य न मोडता बऱ्याच प्रमाणात शोषून घेतो. फिनलंडच्या चाचणीतील एक बारकावा मात्र फार मोलाचा आहे. ज्यांच्या रक्तात सुरुवातीपासून, म्हणजे रोजच्या जेवणामुळे, हे द्रव्य अधिक होते, त्यांच्यात कर्करोग कमीच होता. तेव्हा रक्तातील पातळी ही भाजी-फळे खाण्याची खूण असावी, संरक्षणाचे कारण ती नसावी. गाजर खाणाऱ्याने यातून घाबरून जाण्याचे काहीही कारण नाही. धूम्रपान करणाऱ्याने मात्र या गोळ्या घेऊ नयेत.

चीनच्या हनान प्रांतातील लिनशियन येथे (१९८६–९१) बीटा-कॅरोटीन, सेलेनियम हे खनिज व ‘ई’ जीवनसत्त्व यांच्या मिश्रणाने जठरकर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. तेथील लोकांच्या आहारात मुळातच या घटकांची कमतरता होती. त्रुटी भरून काढणे आणि पुरेसे असताना आणखी देणे यांत फरक करावा लागतो, तो येथे. पोटभर खाणाऱ्या ३५,५३३ पुरुषांवरील उत्तर अमेरिकी चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाने पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये दिसून आले.

पर्यायी उपाय : हळदीतील करक्युमिन प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखते, पण हळदीत ते वजनाच्या अवघे काही टक्के असते आणि आतड्यातून रक्तात फारच थोडे पोचते. मिऱ्यातील पायपेरीनमुळे शोषण वाढते, असे बंगळूर येथे १९९८ मध्ये आढळले. करक्युमिनने माणसात कर्करोग टळतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. गव्हांकुराचा रस व लक्ष्मणफळ यांबाबतही तोच अभिप्राय द्यावा लागतो. लक्ष्मणफळ व त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर कंपवातासारखा विकार नोंदला गेला आहे. जर्दाळूच्या बियांतील ॲमिग्डॅलिन ‘बी १७ जीवनसत्त्व’ म्हणून विकले जाते. ते जीवनसत्त्व नाही, आणि शरीरात त्यापासून सायनाइड सुटते.

निश्चित अपायकारक : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने मद्य (१९८८), सुपारी (२००४) व प्रक्रिया केलेले मांस (२०१५) ही माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने यांत सुपारीचे महत्त्व सर्वाधिक. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही निर्धोक नाही.

बुरशीपासून निर्माण होणारे ॲफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होते, विशेषतः ‘ब’ काविळीचा विषाणू शरीरात असल्यास. १९७४ मध्ये पंचमहाल (गुजरात) व बांसवाडा (राजस्थान) भागांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यातून त्याची तीव्र विषबाधा होऊन शंभरावर माणसे दगावली. घरातलेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. शेंगदाण्यांतही हे विष आढळते आणि नेहमीच्या भाजण्याने ते पुरते नाहीसे होत नाही. बुरशी धरलेले, सुरकुतलेले, काळपट वा कडवट दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाकावेत. एकदा कूट झाले की खराब दाणा ओळखता येत नाही.