फॉगलॅम्पमध्ये पाणी शिरते तेव्हा

जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली, ताम्हिणी किंवा माळशेज घाटातून गाडी चालवणाऱ्याला फॉगलॅम्पची खरी गरज भासते, आणि नेमक्या त्याच दिवसांत या दिव्यांच्या काचेमागे पाणी दिसू लागते. गॅरेजमध्ये बहुधा दोनच सल्ले मिळतात : दिवा चहूबाजूंनी सिलिकॉन लावून बंद करा, नाहीतर नवा बसवा. यांतला पहिला सल्ला बहुतेक वेळा नुकसान करणारा असतो आणि दुसरा अनेकदा अनावश्यक असतो. आत दिसणारे पाणी किती आहे, ते कोणत्या वाटेने आले आणि त्याला बाहेर पडायला वाट का मिळाली नाही, हे पाहिले तर बराचसा निर्णय गाडीच्या मालकाला स्वतःच घेता येतो.

या पाण्याने बिघडते काय, हे कळण्यासाठी फॉगलॅम्पचे काम आधी नीट पाहायला हवे. धुक्यातील जलबिंदू काही मायक्रोमीटरपासून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही दहा मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातला काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. दाट धुक्यात हाय बीम लावताच समोर पांढरा पडदा उभा राहतो तो यामुळेच. म्हणून फॉगलॅम्प बंपरमध्ये खाली बसवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांनुसार मोटारींसाठी त्याची जमिनीपासूनची उंची २५० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो व त्याची वरची कड धारदारपणे कापलेली असते, जेणेकरून उजेड रस्त्यावर आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडावा आणि चालकाची नजर धुक्याच्या ज्या थरातून पुढे जाते तो थर मात्र शक्य तितका अंधारात राहावा. दिवा पिवळा असला की प्रकाश धुके भेदून जातो, ही समजूत मात्र टिकणारी नाही, कारण एवढ्या मोठ्या थेंबांवरून सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. काहींच्या डोळ्यांना पिवळा प्रकाश कमी त्रासदायक वाटतो, इतकेच.

या दिव्याचे सारे मोल त्या कापलेल्या कडेत आहे, आणि पाणी पहिला घाव तिथेच घालते. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला प्रत्येक थेंब स्वतंत्र भिंगासारखा वागून आपल्या वाट्याचा प्रकाश भलत्याच दिशेला वळवतो. कोरड्या दिव्याचा आणि पाणी धरलेल्या दिव्याचा उजेड रात्री एकाच भिंतीवर पाडून पाहावा. कोरड्या दिव्याच्या पट्ट्याची वरची सीमा आडव्या रेषेसारखी उमटते. ओल्या दिव्याची सीमा विरघळल्यासारखी होते, तिच्यावर हातभर उंचीपर्यंत दुधाळ उजेड पसरतो आणि मधूनच एखादा तेजस्वी ठिपका वर उडालेला दिसतो. हा वर गेलेला उजेडच धुक्यात डोळ्यांवर परततो. ओला फॉगलॅम्प म्हणूनच नुसता मंद दिवा राहत नाही. ज्या कामासाठी तो बसवला, त्या कामात तो अडथळा ठरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपवतो.

आता पाण्याच्या वाटेकडे वळू. वाहनाचा दिवा पूर्ण हवाबंद नसतो आणि तो तसा नसावा, हे अनेकांना ठाऊक नसते. हॅलोजन बल्ब लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि विझला की आकुंचन पावते. तिला ये-जा करायला मार्ग ठेवला नाही तर दाबातल्या या चढउताराने जोड उकलतात आणि सील सुटतात. यासाठी दिव्याच्या मागे किंवा खाली श्वासछिद्र असते. काही दिव्यांत ती वळवलेली रबरी नळी असते, तर बऱ्याच नव्या दिव्यांत छिद्रावर प्रसरित पीटीएफईचे पातळ पटल चिकटवलेले असते. पीटीएफई म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो ते द्रव्य. रॉय प्लंकेट यांना ते १९३८ मध्ये सापडले आणि बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ते झटक्याने ताणून त्याचे सच्छिद्र रूप तयार केले. या पटलाची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, आणि त्याचा पृष्ठभाग पाण्याला इतका नाकारतो, की पृष्ठताणामुळे पाण्याचा थेंब छिद्रात शिरू शकत नाही. हवा आणि बाष्पाचे रेणू मात्र सहज आरपार जातात.

दिवा श्वास घेतो म्हणजे बाष्पही आत येते. पावसाळी हवेतून आलेले हे बाष्प रात्री थंड काचेवर, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटते तसे, जमते. पण त्याचे प्रमाण किती असू शकते? दिव्यात एक लिटर हवा मावते असे धरू. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते आणि २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे एक लिटर हवा ३० वरून २० अंशांवर आली तर काचेवर जास्तीत जास्त १३ मिलिग्रॅम पाणी बसेल. पाण्याचा एक साधा थेंब ५० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. याचा अर्थ असा, की काचेवर नुसते पातळ धुरकट पटल आले असेल आणि दिवा अर्धा तास लावल्यावर किंवा गाडी उन्हात उभी केल्यावर ते निघून जात असेल, तर दिव्यात दोष नाही. काचेवरून ओघळ येत असतील किंवा तळाशी पाणी डुचमळत असेल, तर ते हवेतून आलेले नाही. कुठेतरी द्रवरूप पाण्याला थेट वाट मिळालेली आहे.

ती वाट मिळण्याचा सर्वांत जोमदार प्रसंग म्हणजे तापलेला दिवा पाण्यात बुडणे. समजा, बराच वेळ लागलेल्या दिव्यातली हवा ८० अंशांवर आहे आणि गाडी रस्त्यावर साचलेल्या पाण्यात शिरली. बंपर बुडाला, दिवा झपाट्याने ३० अंशांवर आला. केवलमानात, म्हणजे केल्विनमध्ये, हे तापमान ३५३ वरून ३०३ झाले, म्हणजे सुमारे सातव्या हिश्श्याने उतरले. बाहेरून हवा आली नाही तर आतला दाबही तितकाच उतरतो. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, त्यामुळे ही ओढ जवळपास दीड मीटर खोल पाण्याच्या दाबाइतकी भरते. रस्त्यावर पाणी गुडघ्याएवढेच असते, पण दिव्याच्या सीलला त्याहून कितीतरी खोल बुडाल्याचा ताण सोसावा लागतो. दिव्यावर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असले तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी त्याने पार केली आहे एवढाच आहे, आणि ती चाचणी नव्या सीलवर झालेली असते. सील कुठे सैल असेल तर एक लिटरच्या दिव्यात अशा एका डुबकीत कपभर पाणी ओढले जाऊ शकते. पुढे पाणी दिसत असेल तर त्यात शिरण्यापूर्वी फॉगलॅम्प थोडा वेळ बंद ठेवावेत, हा सल्ला या गणितातूनच येतो.

बाकीच्या वाटा लहान असल्या तरी नेहमीच्या आहेत. उडालेल्या खडीने काचेला बारीक तडा जातो. काच खरी असेल आणि तापलेल्या दिव्यावर थंड पाणी उडाले तरीही तो जातो. बल्ब बदलताना होल्डरचे रबरी रिंग वाकडे बसते किंवा खाली पडून हरवते. प्रेशर वॉशरची नळी अगदी जवळ धरून बंपर धुतला की पाणी सीलच्या ओठाखाली घुसते. शाम्पूचे पाणी तर अधिक घातक, कारण साबणाने पृष्ठताण घटतो आणि ज्या पटलाने साधे पाणी अडवले असते तेच पटल भिजू लागते. आणि एक वाट अगदी लपलेली आहे : वायरीच्या आवरणाला कुठे चीर पडली असेल, तर तांब्याच्या तारांमधल्या फटींतून पाणी केशाकर्षणाने सरकत सरकत थेट कनेक्टरपर्यंत पोहोचते. दिवा बाहेरून कितीही ठणठणीत असला तरी.

आत राहिलेले पाणी काय करते? परावर्तकावरचा चकचकीत थर निर्वातात उडवून बसवलेल्या ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याची जाडी साधारण एक दशांश मायक्रोमीटर भरते. त्यावर पारदर्शक संरक्षक लेप असला तरी पाणी बरेच दिवस टेकून राहिले की थर खालच्या कडेपासून काळसर होत जातो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. हॅलोजन बल्बची क्वार्ट्झ काच काहीशे अंश तापलेली असते. तिच्यावर थेंब पडला तर ती तडकू शकते.

कनेक्टरची कथा अधिक नीट पाहण्यासारखी आहे. खटका दाबून तो ओढला की ओल्या दिव्यात बहुधा एका पिनेभोवती हिरवी-निळसर पूड दिसते आणि शेजारचे प्लास्टिक किंचित तपकिरी झालेले असते. पूड तांब्याच्या क्षारांची आहे, तपकिरी डाग उष्णतेचा आहे. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. गंजामुळे जोडात अवघा ०.१३ ओहम रोध वाढला तरी ०.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि त्या इवल्याशा जागेत पावणेतीन वॉट उष्णता तयार होते. बल्बला मिळणारे व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरले की हॅलोजनचा प्रकाश सुमारे सोळा टक्क्यांनी घटतो. एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळट आणि मंद दिसत असेल तर बल्ब बदलण्याआधी कनेक्टर उघडून पाहावा तो यासाठी.

एलईडी दिव्यांत प्रश्न निराळा आहे. त्यांची उष्णता मागच्या धातूच्या पंखांतून निघून जाते, समोरची काच थंडच राहते आणि त्यामुळे बाष्पाचे पटल विरायला जास्त वेळ लागतो. शिवाय आतल्या सर्किट बोर्डवर ओल राहिली तर विद्युतदाबाखाली धातूचे आयन सरकून दोन मार्गांमध्ये केसासारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट होतो. एलईडीमध्ये उभे पाणी दिसले तर वाट पाहू नये.

उपाय करताना प्रथम गाडी वॉरंटीत आहे का ते पाहावे, कारण उघडलेल्या दिव्याची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. वॉरंटी संपलेली असेल तर दिवा थंड होऊ द्यावा, कनेक्टर काढावा, बल्ब काढून ठेवावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये, कारण बोटाचे तेल तापून तिथली काच कमकुवत होते. मग दिवा पालथा करून पाणी निथळू द्यावे आणि होल्डरच्या छिद्रातून हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून सोडावी. शेवटची ओल ओढून घेण्यासाठी सिलिका जेलच्या पुड्यांसह दिवा बंद डब्यात रात्रभर ठेवणे सर्वांत सुरक्षित. आत कापड किंवा कापूस घालून पुसण्याचा मोह आवरावा, कारण परावर्तकाचा थर एका घासण्यात जातो. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तशा पुरात गाडी बुडाली असेल तर दिव्यात नुसते पाणी नसते, बारीक गाळही असतो. तो ओला असतानाच डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा खळबळून काढावा. नळाचे पाणी वापरले तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, काचेला पेट्रोल किंवा थिनर कधीही लावू नये. तिच्यात जाळीदार भेगा पडतात.

वाळवल्यानंतर वाट शोधावी, नाहीतर पुढच्या सरीला सगळे पुन्हा होते. बल्बचे तोंड नीट बंद करून श्वासछिद्रातून तोंडाने हलकी फुंकर घालत जोडांवर साबणाचे पाणी लावले की फट असेल तिथे बुडबुडे येतात. कंप्रेसरची हवा लावल्यास चांगला जोडही उकलेल. रबरी रिंग कडक झालेली असेल तर ती बदलावी. काच आणि मागची डबी यांच्या जोडात फट असेल तर ब्यूटाइल (चिकट रबरी सीलंट) किंवा न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन भरावे. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे स्वस्त सिलिकॉन नको, कारण वाळताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते पिना व परावर्तक दोन्ही खाते. आणि श्वासछिद्राला कोणतेही सिलिकॉन लावू नये, हे पुन्हा सांगतो. ते बुजवले की पुढच्या वेळी हवा आणि पाणी सर्वांत कमजोर जोडातून ओढले जाते आणि आत आलेल्या ओलीला परत जायला वाट उरत नाही. चिखलाने भरले असेल तर मऊ ब्रशने स्वच्छ करावे. काही कारागीर दिव्याच्या तळाला ड्रिलने छिद्र पाडून देतात. पाणी त्यातून निथळते हे खरे, पण चाकांनी उडवलेला चिखल त्याच छिद्रातून आत येतो, त्यामुळे माझ्या मते ती दुरुस्ती नव्हे.

कनेक्टरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून त्यावर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारे, ग्रीस हलके लावावे. प्लास्टिक वितळलेले असेल तर कनेक्टर बदलावा. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे धोक्याचे आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते. परावर्तक काळवंडला असेल, काचेला तडा असेल किंवा बसवण्याचे कान तुटले असतील, तेव्हा मात्र नवा दिवा घेण्यात कसूर करू नये.

दिवा परत बसवल्यावर त्याचा कोन तपासायचा राहतो, आणि हीच पायरी सर्रास गाळली जाते. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करावी, टायरमधली हवा योग्य असावी आणि डिकीत जड सामान नसावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने खूण करावी. प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली यायला हवी. ती वर गेली असेल तर दिव्याच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या छिद्रातून पोहोचणारा समायोजन स्क्रू थोडा थोडा फिरवून कड खाली आणावी आणि दोन्ही दिव्यांच्या कडा एका पातळीत आल्या की नाही ते एकेक दिवा आळीपाळीने झाकून पाहावे.