पार्श्वभूमी : पीयूषिकेची दुर्बीण-शस्त्रक्रिया आणि ‘लर्निंग कर्व्ह’

गाठ काढायला नाकातून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीपर्यंत जायची वाट जुनी, १९०७ साली इन्सब्रुकमध्ये चाललेली. मधे ती बऱ्याच ठिकाणी मोडली आणि साठच्या दशकात मायक्रोस्कोपमुळे पुन्हा वापरात आली. अनुभवाचा जो हिशोब आजही दाखल्याला दिला जातो, तो त्याच मायक्रोस्कोपच्या काळातला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या साडेनऊशेहून जास्त न्यूरोसर्जननी प्रश्नावली भरून दिली. दोनशेपेक्षा कमी शस्त्रक्रिया केलेल्यांकडे मेंदूभोवतीचं पाणी नाकावाटे गळण्याचं प्रमाण ४.२ टक्के, पाचशेच्या पुढे गेलेल्यांकडे १.५. अर्थात आकडे ज्याचे त्याने सांगितलेले.

नव्वदच्या दशकात एंडोस्कोप (नाकात घालायची दुर्बीण) आला आणि मायक्रोस्कोपवर हात बसलेले सर्जनही पुन्हा पहिलीत जाऊन बसले. पडद्यावरचं चित्र सपाट. दुर्बीण मागेपुढे करत, हत्याराचं टोक हाडाला टेकवत खोलीचा अंदाज घ्यायचा. त्यात नाकपुड्या दोन आणि हात चार. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बीण धरणार, न्यूरोसर्जनच्या एका हातात सक्शन, दुसऱ्यात गाठ खरवडायचं क्युरेट. मग अनुभव मोजायचा कोणाचा? केसेस बहुधा एकाच्याच नावावर मांडल्या जातात.

‘लर्निंग कर्व्ह’ (अनुभवागणिक कौशल्य कसं वाढतं ते दाखवणारी रेघ) हा शब्दही इथला नव्हे. तो मानसशास्त्रातून आणि कारखान्यांतून आला. विमानं जितकी जास्त बांधाल तितका दर विमानामागचा खर्च घटतो, हे दाखवणारा अभ्यास १९३६ चा. सर्जन म्हणतात, ‘कर्व्ह फार स्टीप आहे’, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे घाटाचा चढ असतो. पण कौशल्य उभ्या अक्षावर मांडलं, तर उभी रेघ म्हणजे लवकर शिकलेला माणूस! हा घोळ अजून मिटलेला नाही.

खरा वाद मात्र २००६ चा. त्याआधी ग्रंथीपर्यंत जाताना कवटीच्या तळाला पडलेलं भोक बुजवायला पोटाची चरबी वगैरे वापरत. त्या वर्षी नाकाच्या पडद्याचं अस्तर रक्तवाहिनीसकट उचलून भोकावर पसरायची पद्धत प्रसिद्ध झाली. समजा एखाद्याने २००३ साली सुरुवात केली. त्याच्या पहिल्या पन्नास केसेस या अस्तराविना, पुढच्या पन्नास अस्तरासकट. खाली वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी टपकणारे रुग्ण कमी झाले, यात हाताचा वाटा किती आणि अस्तराचा किती? पहिले पन्नास विरुद्ध पुढचे पन्नास अशा तक्त्यातून ते कळत नाही, आणि श्रेय सरसकट हाताला जातं.

उलटंही घडतं. हात बसला की सर्जन मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला बिलगलेल्या अवघड गाठी घ्यायला लागतो आणि निकाल घसरतात. शिवाय मोजपट्टीच हलली. अ‍ॅक्रोमेगलीत (वाढीचं संप्रेरक जास्त झाल्याने होणाऱ्या आजारात) ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर वाढीचं संप्रेरक मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खाली आलं की २००० च्या निकषाने रोग आटोक्यात. २०१० मध्ये तो आकडा ०.४ झाला. सर्जन तोच, ऑपरेशन तेच, आणि ०.७ वर थांबलेला रुग्ण २००९ च्या तक्त्यात बरा, २०११ च्या तक्त्यात नाही.