गोळी एकच, पण ३८ व्या वर्षी वेगळी आणि ५२ व्या वर्षी वेगळी

एचआरटीच्या, म्हणजे पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या, गोळ्यांच्या खोक्यात घडीवर घडी घातलेला एक पातळ कागद असतो. उलगडला की हातभर होतो. त्यात बारीक अक्षरांत स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात. ३८ व्या वर्षी पाळी गेलेली बाई तो वाचते आणि खोकं कपाटात मागे सारते. पण तो कागद बहुतांशी दुसऱ्याच बाईला धरून लिहिलेला असतो.

ती दुसरी बाई पन्नाशी ओलांडलेली. तिची पाळी वेळेवर गेली. तिला गोळी हवी असते ती अंगातून निघणाऱ्या वाफांसाठी, घामानं भिजून रात्रीतून तीनदा उलटावी लागणाऱ्या उशीसाठी. त्रास सोसवत असेल तर नाही घेतली तरी चालतं.

चाळिशीच्या आत पाळी गेली की हिशेब उलटा होतो. (४० ते ४५ च्या दरम्यान गेली तरी सल्ला साधारण तोच.) तिच्या वयाच्या मैत्रिणींच्या अंगात जे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अजून तयार होतंय, ते तिच्याकडे दहा-बारा वर्षं आधीच आटलंय. थायरॉइड मंदावलं की त्याची गोळी घेतो, तसंच हे. वरची भर नव्हे, तूट भरून काढणं. "मला तर काहीच होत नाही, मग कशाला घेऊ?" हा प्रश्न ५२ व्या वर्षी रास्त आहे, ३८ व्या वर्षी फसवा. हाडं झिजताना दुखत नाहीत. हृदयविकाराचा वाढलेला धोकाही आधी सांगून येत नाही.

मग एवढी भीती आली कुठून? अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध) एकत्र देण्याचा भाग २००२ साली मुदतीआधीच थांबवला गेला. ते घेणाऱ्यांत, न घेणाऱ्यांपेक्षा, स्तनाच्या कर्करोगाचे दर १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण ८ रुग्ण जास्त निघाले होते. आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. बायका ५० ते ७९ वर्षांच्या होत्या, सरासरी वय ६३, हे मात्र मागे पडलं. तो आकडा ३८ वर्षांच्या बाईला लावणं मला तरी पटत नाही. तिची तुलना करायची तिच्याच वयाच्या, पाळी चालू असलेल्या बायकांशी. म्हणूनच गोळी साधारण ५० - ५१ पर्यंत घ्या असं सांगतात. तिथून पुढे तीही दुसऱ्या बाईच्या जागी येते आणि तो कागद तेव्हा नीट वाचायचा.

अर्थात सरसकट 'घ्याच' असंही नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हा रस्ता बहुधा बंदच. गुठळ्यांचा धोका असेल तर गोळीपेक्षा पॅच किंवा जेल बरं, कारण ते इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. नुसत्या इस्ट्रोजेननं आतलं अस्तर जाड होत जातं आणि कर्करोगाची भीती राहते. पिशवी काढलेली असेल तर सहसा ते लागत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमीचा. एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक गोळी नव्हे. अकाली पाळी गेली तरी अंडाशय अधूनमधून जागं होतं आणि थोड्या बायकांना दिवसही राहतात. मूल नको असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मग गर्भनिरोधक गोळीच हार्मोन म्हणूनही देता येते. फक्त तिच्यात दर महिन्याला सात दिवसांची सुट्टी असेल, तर ती सुट्टी घ्यायची की सलग चालू ठेवायची, हेही विचारून घ्या. त्या सात दिवसांत इस्ट्रोजेन मिळत नाही.