चोवीस ओळी, ऐंशी अक्षरं

बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या जुन्या मेनफ्रेम प्रणालीला, म्हणजे सगळा हिशेब सांभाळणाऱ्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला, वेबचं रूप द्यायचं काम निघालं की नवी मुलं हमखास विचारतात, ही काळी-हिरवी स्क्रीन अशी का? उत्तरासाठी १९७१ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी आयबीएमने ३२७० मालिकेची टर्मिनलं, म्हणजे मेनफ्रेमला जोडायचे स्क्रीन आणि कीबोर्ड, आणली. मेनफ्रेमवर व्यवहार सांभाळणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर, सीआयसीएस, १९६९ पासूनच होतं. अडचण होती ती तारेची. ४८०० बिट प्रतिसेकंदाच्या लाइनवरून २४ ओळी आणि ८० रकान्यांची, म्हणजे १९२० अक्षरांची भरलेली स्क्रीन यायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. शेकडो टर्मिनलांवरची प्रत्येक कळ मेनफ्रेमला कळवणं परवडणारंच नव्हतं. म्हणून माणसाने टर्मिनलवरच फॉर्म भरायचा आणि एंटर किंवा पीएफ कळ (ठरावीक कामासाठीची कळ) दाबली की फक्त बदललेली माहिती वर जायची. उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद आणि तळाच्या ओळीत ‘थांबा’ सांगणारी फुली.

ही रचना मला आजही फार विचारपूर्वक केलेली वाटते. सीआयसीएसचा प्रोग्राम स्क्रीन पाठवून संपून जायचा. पुढच्या वेळी लागणारी माहिती कॉमएरिया नावाच्या स्मृतीच्या तुकड्यात ठेवलेली असायची आणि पुढच्या एंटरला नवं टास्क सुरू व्हायचं. फॉर्म भरा, सबमिट करा, सर्व्हर तुम्हाला विसरला, हे वेबचं वागणं याहून फार वेगळं नाही. म्हणजे मेनफ्रेम आणि वेब यांची जोडी सहज जमायला हवी होती. प्रत्यक्षात मधली पंधरा-वीस वर्षं भलत्याच वाटेने गेली.

१९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. १९८२ मध्ये डीसीए या कंपनीने इर्मा नावाचं कार्ड काढलं. ते पीसीत बसवून टर्मिनलची केबल जोडली की पीसीच टर्मिनल व्हायचा. मग टर्मिनलची स्क्रीन प्रोग्रामला वाचू देणारं एचएलएलएपीआय आलं आणि माणसाच्या जागी प्रोग्राम ती स्क्रीन वाचू लागला: पाचव्या ओळीत विसाव्या रकान्यापासून आठ अक्षरं उचल, ती खातेक्रमांक म्हणून दाखव, फुली जाईपर्यंत थांब. समोर विंडोज, माऊस, ड्रॉपडाउन असं सगळं असायचं. मेनफ्रेमला मात्र वाटायचं, पलीकडे कुणीतरी टाइप करतंय. यालाच स्क्रीन स्क्रॅपिंग म्हणतात. मेनफ्रेमवरच्या मूळ कोबोल भाषेतल्या प्रोग्रामला हात न लावता काम व्हायचं, हे त्याचं खरं बळ. पण त्यामुळे माणसाच्या डोळ्यांसाठी केलेली मांडणी हाच दोन प्रणालींमधला करार होऊन बसला. कुणी एक रकाना दोन घरं सरकवला की पलीकडे चुकीचा आकडा वाचला जायचा.

वायटूकेच्या वेळी, म्हणजे दोनच आकड्यांत लिहिलेलं वर्ष २००० साली चुकेल या भीतीने प्रोग्राम दुरुस्त करताना, हे फार जाणवलं. मुंबई-पुण्यात कोबोल आणि मेनफ्रेमला कामं नेमून देणारी जेसीएल भाषा शिकलेली किती तरी मराठी मुलं त्या कामात होती. सहा अक्षरांची तारीख आठची करायची, पण खचाखच भरलेल्या ८० रकान्यांत दोन जागा आणायच्या कुठून? पुष्कळ ठिकाणी तारीख सहाचीच ठेवून, अमुक वर्षाच्या आतलं असेल तर २०००च्या पुढचं, असा नियम प्रोग्राममध्ये घातला गेला. त्यामुळे स्क्रीन हलली नाही आणि स्क्रीन वाचणारे स्क्रॅपर प्रोग्रामही टिकले.

तोवर ३२७० टर्मिनल इंटरनेटवरून चालवायची पद्धत, टीएन३२७०, रूढ झाली होती; तिच्यावरचा आरएफसी १५७६ हा इंटरनेट-दस्तऐवज जानेवारी १९९४ चा. टर्मिनल इंटरनेटच्या तारेवर आलं, नव्वदच्या उत्तरार्धात जावा ॲपलेट या ब्राउझरात चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून ब्राउझरमध्ये गेलं, नंतर स्क्रीनचं थेट एचटीएमएल करणारी साधनं आली. दिसायला पान सुरेख झालं, पण वर्षानुवर्षं काउंटरवर बसलेल्यांचा वेग गेला. मेनूचा आकडा, टॅब, खातेक्रमांक, एंटर, पीएफ३ हे न बघता करणाऱ्या बोटांना प्रत्येक पायरीला माऊस शोधावा लागला. नवी स्क्रीन आखताना त्यांना विचारलं गेलं नाही, ही मला या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

खरा बदल प्रोग्राम फोडल्यावर झाला. स्क्रीनची मांडणी ठरवणारे बीएमएस मॅप एका बाजूला, व्याज किंवा हप्ता काढणारा भाग दुसऱ्या बाजूला. असा वेगळा काढलेला भाग स्क्रीनशिवाय, कॉमएरियातून थेट बोलावता येतो. कॉमएरियाची ३२ केबीची मर्यादा २००५ मध्ये चॅनल आणि कंटेनर ही माहिती देण्याची नवी सोय आल्यावर सुटली आणि पुढे आयबीएमच्या झेड/ओएस कनेक्ट या साधनाने तोच प्रोग्राम जेसन या वेबवरच्या माहितीच्या स्वरूपातून मोबाइल ॲपलाही मिळू लागला. जिथे हिशेबाचा नियम आणि मॅप कोबोलच्या एकाच पॅराग्राफमध्ये (प्रोग्रामच्या तुकड्यात) गुंतलेले आहेत, तिथे मात्र आधी कोबोल वाचत बसावं लागतं, आणि तोवर ब्राउझरच्या मागे तीच २४ ओळींची स्क्रीन चालू असते.