नोटरींवरील देखरेख व व्यावसायिक शिस्त

नोटरी अधिनियम, १९५२ (अंमल १४ फेब्रुवारी १९५६) आणि नोटरी नियम, १९५६ यांखाली नोटरींच्या कामाची तपासणी व त्यांच्या गैरवर्तनाची चौकशी करण्याची व्यवस्था. नेमणूक केंद्र शासनाची असो वा राज्य शासनाची, ज्याने नेमले त्याच शासनाकडे तक्रार जाते.

सातारा-सांगली भागात या पदाची परंपरा कुलकर्णी-देशपांडे यांच्या दस्तलेखनापर्यंत मागे नेण्याकडे कल दिसतो. महजरावर (गावसभेच्या निवाडापत्रावर) पाटलाची नांगराची निशाणी, देशमुख-देशपांड्यांचे शिक्के आणि गोताच्या (जमलेल्या वतनदार-गावकऱ्यांच्या) साक्षी येत, हे खरे; तथापि ती वतनदारांची सामूहिक साक्ष होती, शासनाने नेमलेल्या आणि काढून टाकता येणाऱ्या व्यक्तीचे प्रमाणन नव्हे. पदाचा उगम इंग्रजी व्यापारी कायद्यात मानणे अधिक सयुक्तिक ठरते. चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, १८८१ नुसार न वटलेल्या हुंडीची (रक्कम देण्याच्या लेखी आदेशाची) नोंद व निषेध, म्हणजे ती न वटल्याचे प्रमाणन, करणे हे नोटरीचे मुख्य काम होते; परंतु त्याच अधिनियमाच्या पहिल्या कलमाने देशी भाषांतील दस्तऐवजांबाबतचा स्थानिक रिवाज अबाधित ठेवला. त्यामुळे सांगली-मिरजेच्या पेठांतील हळद-गुळाच्या व्यवहारांतल्या देशी हुंड्यांना नोटरीकडे जाण्याचे कायदेशीर कारण फारसे उरले नसावे. शिवाय साताऱ्याचे राज्य १८४८ नंतर खालसा झाले, तर सांगली, मिरज व जत ही संस्थाने १९४८ पर्यंत टिकली. म्हणून दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वेतिहास एका धाग्यात ओवता येत नाही.

देखरेखीचे खरे साधन म्हणजे नोटरीची नोंदवही. अनुक्रमांक, तारीख, कृत्याचा प्रकार, दस्त करणाऱ्याचे नाव-पत्ता, घेतलेली फी आणि संबंधितांच्या सह्या अशा रकान्यांची ही वही वापरात आणण्यापूर्वी तिच्या पहिल्या पानावर एकूण पृष्ठसंख्या प्रमाणित करावी लागते. जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेला अधिकारी वर्षातून जास्तीत जास्त दोनदा ती तपासू शकतो व शासनाला अहवाल पाठवू शकतो. दोन नोंदींमध्ये सोडलेली कोरी ओळ हा मागील तारखेच्या प्रमाणनाचा संशय घेण्याजोगा पुरावा होय. त्यामुळे ही तपासणी नेमाने होणे सर्वांत महत्त्वाचे आहे. वार्षिक विवरणपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सादर करायचे असते.

चौकशी शासन स्वतःहून किंवा विहित नमुन्यातील तक्रारीवरून सुरू करते. नोटरीला लेखी म्हणणे मांडण्यास चौदा दिवस मिळतात. दोष सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र रद्द करून कायमची बंदी, ठरावीक काळासाठी निलंबन किंवा ताकीद, यांपैकी एक आदेश होतो. नोटरी अधिनियमाच्या कलम १३ नुसार नोटरीने कर्तव्याच्या ओघात केलेल्या अपराधाची दखल (खटला चालवण्यासाठी) न्यायालय केवळ प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेते. हे संरक्षण पोलीस तपासालाही लागू आहे असे काही मानतात; कलमाची भाषा मात्र दखल घेण्यापुरतीच आहे.

गुंठेवारीतील (परवानगीविना पाडलेल्या लहान तुकड्यांतील) जागा केवळ नोटरी केलेल्या कागदावर विकली जाते, तेव्हा अशा दस्ताची नोंदणी सक्तीची करणारे नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १७ डावलले जाते आणि घेणाऱ्याच्या हाती मालकी येत नाही. विवाह किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार नोटरीला नाही, असे केंद्रीय विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कळवले. नोटरी नसताना तसे भासवणाऱ्यास नोटरी अधिनियमाच्या कलम १२ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.