सर्व्हर रूमला घाम का फुटतो?

जुलैतली गोष्ट. ठाण्यातल्या एका कार्यालयातून सकाळीच फोन आला, सर्व्हर रूममध्ये पाणी आलंय. रविवारी देखभालीसाठी सगळे सर्व्हर बंद केले होते, एसी मात्र रात्रभर १६ वर चालू. सोमवारी नवं सामान आत न्यायचं म्हणून अर्धा तास दार सताड उघडं होतं. मी पोहोचलो तेव्हा रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटाच्या, पत्र्यावर थेंब डवरले होते आणि सगळे छताकडे बघत होते. छत कोरडं होतं. पाणी आलं होतं हवेतून.

फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो, तसंच हे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २७ अंश येतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणारच. सर्व्हर चालू असता तर त्याच्या उष्णतेने आतले भाग बरेचसे वाचले असते, पण इथे सगळंच गारठलेलं होतं.

‘जितकं गार तितकं चांगलं’ हा समज म्हणूनच मला घातक वाटतो. वातानुकूलन क्षेत्रातल्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेची सर्व्हरसाठीच्या तापमानाची शिफारस जगभर प्रमाण मानतात. २००४ साली ती २० ते २५ अंश होती, २००८ मध्ये १८ ते २७ झाली. म्हणजे २४-२५ अंश अगदी सुरक्षित, आणि विजेचं बिलही कमी. मात्र हे तापमान सर्व्हर पुढून जी हवा ओढून घेतो तिचं. रिमोटवरचा आकडा वेगळा, भिंतीवरच्या तापमापकाचा वेगळा आणि रॅकच्या सर्वांत वरच्या सर्व्हरसमोरचा आणखी वेगळा. मागून निघालेली गरम हवा वरून फिरून पुन्हा पुढे येते, त्यामुळे वरचा सर्व्हर आधी तापतो. तापमानाचा संवेदक (सेन्सर) तिथेच लावावा.

आर्द्रतेचं गणित जरा फसवं आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के तिच्यात आहे. ती तापमानाबरोबर बदलते: २० अंशाची ५० टक्के आर्द्रतेची हवा सर्व्हरमध्ये ३५ अंशांपर्यंत तापली, की तीच २१ टक्क्यांवर येते, बाष्पाचा एक कणही कमी न होता. म्हणून अ‍ॅश्रेच्या शिफारशीत दवबिंदूची मर्यादा असते, वरची १५ अंश. हवा फार कोरडी झाली तर स्थितिक विजेचा धोका. विदर्भात हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतड होते, तीच ही वीज. माणसाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. काही नाजूक चिप्स १०० व्होल्टच्या आतच खराब होतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

खाडी किंवा सांडपाण्याचा नाला जवळ असेल तर आणखी सावध राहावं. तिथल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड वायू दमटपणाची साथ मिळताच सर्व्हरमधलं तांबं आणि चांदी खातो. अशा ठिकाणी आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा, असं अ‍ॅश्रे २०२१ पासून सांगते.

छोट्या कार्यालयांत मला सर्वाधिक भीती वाटते ती लाइट जाण्याची. यूपीएसवर सर्व्हर चालतो, एसी चालत नाही. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत सुमारे ३२ किलो हवा मावते. सर्व्हरचा तीन किलोवॉटचा भार केवळ या हवेला दर अकरा सेकंदांत एक अंशाने तापवू शकतो. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त मिळतो, पण तासभर नक्कीच नाही. लाइट आल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, हे एकदा मेन स्विच बंद करून तपासाच.

ठाण्यात त्या दिवशी आधी दार लावलं, एसी २४ वर आणला आणि एकाही सर्व्हरला हात लावू दिला नाही. कोरड्या फडक्याने बाहेरचा पत्रा पुसला, झाकणं काढून आतले बोर्ड बॅटरीच्या उजेडात पाहिले. दुपारी तीनला शेवटचा ओलावा गेला. मग एकेक सर्व्हर चालू केला.